वाचकांचे प्रश्न: ॲडव्हेंचर मोटारसायकल, घाट आणि कच्चे रस्ते

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. यंदा बहुतेक पत्रांत नवे काय विकत घ्यावे, कोणती पेटी बसवावी, कोणता दिवा लावावा असे प्रश्न होते. त्यांतून आम्ही मुद्दाम वेगळी पत्रे निवडली आहेत. आहे ती गाडी कशी सांभाळावी आणि डांबर संपल्यावर ती कशी चालवावी, असे या वाचकांनी विचारले आहे, आणि आमच्या मते खरा खर्च, खरा धोका आणि खरा आनंद या दोन गोष्टींवरच ठरतो.

प्रश्न (चिपळूण): माझ्याकडे रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आहे. या पावसात चेनचा आवाज सुरू झाला. एका गॅरेजमध्ये चेन पेट्रोलने धुऊन दिली, तर दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण चेनसेट (चेन आणि ती फिरवणारी दोन्ही दातेरी चक्रे) बदलण्याचा सल्ला मिळाला. चेन किती दिवसांनी साफ करावी आणि ती बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

उत्तर: आपल्या गाडीची चेन ओ-रिंगची आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते बाहेर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक कड्या बसवलेल्या असतात. पेट्रोलने या कड्या कडक होतात, तारेच्या ब्रशने त्यांना चिरा पडतात आणि सर्व्हिसिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने त्यांच्या फटीतून पाणी आत शिरते. कडी एकदा निकामी झाली की आतले ग्रीस निघून जाते, आणि वरून कितीही तेल सोडले तरी ते त्या जागी पोहोचत नाही. म्हणून चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशनेच साफ करावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि मग चेन ल्यूब किंवा 90 नंबरचे गिअर ऑइल लावावे. आपल्या गाडीला सेंटर स्टँड आहे, त्यामुळे मागचे चाक हाताने फिरवत चेनच्या खालच्या भागाच्या आतील बाजूला तेल सोडता येते. चाक फिरताना ते तेल आपोआप बाहेरच्या बाजूला पसरते. हे काम करताना इंजिन बंदच असले पाहिजे. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरते ठेवण्याच्या सवयीने अनेकांनी बोटे गमावली आहेत.

कोरड्या रस्त्यावर सुमारे 500 किलोमीटरने एकदा सफाई पुरते. पावसात भिजलेल्या किंवा लाल मातीतून आलेल्या चेनला मात्र त्याच संध्याकाळी, ती कोमट असतानाच तेल द्यावे. कोकणातील जांभ्याची धूळ तेलात मिसळली की तिचा खरखरीत लेप तयार होतो आणि तो स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांचे, दाते झिजवतो.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येऊ. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरून मागे ओढून पाहावी. ती दात्यावरून इतकी सुटत असेल की अर्धा दाता उघडा दिसतो, तर चेन ताणली गेली आहे. दाते एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असतील किंवा तेल देऊनही चेनचे काही दुवे सरळ होत नसतील, सांध्यांतून तांबूस गंज बाहेर येत असेल, तरीही निर्णय तोच. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत, कारण जुन्या दात्यांवर नवी चेन फार काळ टिकत नाही. यांपैकी काहीच दिसत नसेल तर चेनसेट बदलण्याची घाई करू नये. आधी ढिलेपणा तपासावा.

ढिलेपणाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण गॅरेजमध्ये सर्वाधिक चुका इथेच होतात. चाक थोडे थोडे फिरवून चेन सर्वांत घट्ट कुठे लागते ती जागा शोधावी आणि तिथेच मोजमाप घ्यावे. किती मिलिमीटर ढील ठेवायची ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. सस्पेन्शनचा प्रवास (चाक वर-खाली हलण्याचे अंतर) लांब असलेल्या गाड्यांवर हा आकडा साध्या मोटारसायकलपेक्षा सहसा जास्त असतो, आणि त्यामागे कारण आहे. खड्ड्यात मागचे चाक वर उचलले जाते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट आणि मागचा ॲक्सल यांतील अंतर वाढत जाते. ही दोन्ही टोके आणि स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ एका रेषेत येतात त्या क्षणी ते सर्वाधिक असते. स्टँडवर उभ्या गाडीला चेन ताठ बसवली असेल, तर प्रत्येक मोठ्या दणक्याला तिचा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो. चेनचा आवाज नको म्हणून ती ताठ करून देणारा मेकॅनिक आपल्याला चेनपेक्षा कितीतरी महागड्या दुरुस्तीकडे नेत असतो.

प्रश्न (कोल्हापूर): कच्च्या रस्त्यावर हवा कमी करावी असे सगळे सांगतात. मी तसे केले आणि एकाच दिवशी दोनदा ट्यूब फाटली. नेमके काय चुकले?

उत्तर: हवा कमी केल्याने टायर जमिनीवर अधिक पसरतो, दगडावर आदळताना थोडा दबतो आणि त्यामुळे पकड वाढते, हे खरे आहे. परंतु हा सल्ला माती, वाळू आणि मुरूम यांच्यासाठी आहे. टोकदार खडी आणि जांभ्याचे कोपरे यांच्यावर तो लागू पडत नाही. आपल्या फाटलेल्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन उभ्या चिरा असतील, तर टायर दगड आणि रिम यांच्यामध्ये चेपून ट्यूब चिमटली गेली असे समजावे. हवा फार कमी होती किंवा तेवढ्या हवेसाठी गाडीचा वेग फार होता, एवढाच त्याचा अर्थ. सामानासह 200 किलोच्या पुढे जाणाऱ्या ट्यूबच्या गाडीवर, दगडाळ वाटेने जाताना पुढे 20 आणि मागे 24 पीएसआयच्या खाली आम्ही कधीही उतरणार नाही, आणि मागे माणूस बसला असेल तर हवा कमी करणारच नाही. डांबरावर परत आल्यावर हवा पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर गाडी डगमगते. यासाठी पायाने किंवा हाताने चालणारा छोटा पंप आणि स्वतःचा खिशातला गेज जवळ ठेवावा. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी.

कमी हवेवर आणखी एक गोष्ट घडते. जोराचा ब्रेक लागला की टायर रिमवर किंचित सरकतो आणि स्वतःसोबत ट्यूबलाही ओढतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या छिद्रात अडकलेला असतो, त्यामुळे तो मुळापासून फाटतो, आणि तसे पंक्चर निघत नाही. व्हॉल्व्हवरची छोटी नट बहुतेक ठिकाणी रिमला घट्ट आवळून ठेवतात. ती सोडवून वर, टोपणाला भिडवून ठेवावी. मग टायर सरकला तर व्हॉल्व्ह आधी तिरका झालेला दिसतो आणि ट्यूब फाटण्यापूर्वी आपल्याला सूचना मिळते. सकाळी गाडी काढताना दोन्ही व्हॉल्व्हवर नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी.

सोबत जादा ट्यूब नेताना एकच नेण्याइतकी जागा असेल तर पुढच्या 21 इंची चाकाची न्यावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या 17 किंवा 18 इंची टायरमध्ये दुमडून बसवता येते आणि गावापर्यंत पोहोचवते. उलट मात्र करता येत नाही.

प्रश्न (पुणे): माझी उंची 5 फूट 2 इंच आहे. मला कच्च्या रस्त्यावर चालवण्यासाठी गाडी घ्यायची आहे, पण मैत्रिणी म्हणतात की पडलेली गाडी मला एकटीला उचलता येणार नाही. मी हा विचार सोडून द्यावा का?

उत्तर: मुळीच सोडू नये. मात्र गाडी निवडताना सीसीपेक्षा वजनाकडे अधिक लक्ष द्यावे. हिरोची एक्सपल्स 200 आणि हिमालयन 411 यांची तुलना केली तर एक्सपल्सची सीट थोडी उंच आहे, 825 मिलिमीटर, आणि हिमालयनची 800. तरीही एक्सपल्स सुमारे 40 किलोंनी हलकी आहे, आणि उतारावर गाडी कलंडू लागते तेव्हा हे 40 किलो सीटच्या एका इंचापेक्षा फार अधिक जाणवतात. दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असा नियम नाही. थांबण्यापूर्वी सीटवर किंचित एका बाजूला सरकून एक पाय भक्कम टेकवणे पुरेसे असते, आणि कुठे थांबायचे ती जागा आधीच पाहून ठेवण्याची सवय त्याहून उपयोगी असते. गाडी खाली आणणारी लिंक (मागच्या सस्पेन्शनमधील बदली पट्टी) बसवण्याचा मोह शक्यतो टाळावा. तिने गाडीचा जमिनीपासूनचा उंचावा कमी होतो, साइड स्टँड लांब ठरतो आणि उभी गाडी उताराच्या बाजूला पडू शकते.

पडलेली गाडी उचलण्यासाठी ताकदीपेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. प्रथम इंजिन बंद करावे आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे उचलताना ती पुढे सरकणार नाही. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवावा, कारण स्टँड डाव्या बाजूला असतो आणि गाडी सरळ होऊन पलीकडे गेली तर तिला अडवायला आपला हात पोहोचत नाही. त्यानंतर हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवावे, जेणेकरून पुढच्या चाकाचे टोक जमिनीकडे येईल. गाडीकडे पाठ करून कंबरेचा खालचा भाग सीटच्या कडेला टेकवावा, एका हाताने खालची हँडलग्रिप आणि दुसऱ्याने मागची फ्रेम किंवा ग्रॅबरेल धरावी, आणि पाठ ताठ ठेवून छोट्या छोट्या पावलांनी मागे रेटत जावे. सगळे काम मांड्यांनी होते. हे मऊ गवतावर, कोणीतरी सोबत असताना घरीच करून पाहावे. एकदा गाडी उचलता आली की कच्च्या रस्त्यावरची भीती निम्मी होते, आणि भीती कमी झाली की गाडी पडतेही कमी.

उभे राहून चालवण्याचा सरावही लगेच सुरू करावा. गुडघ्यांनी टाकी हलकी धरावी, कोपरे बाहेर ठेवावीत, नजर चाकासमोर न ठेवता पुढच्या वळणाकडे ठेवावी आणि हँडल फक्त धरून ठेवावे, आवळू नये. पुढचे चाक दगडावर इकडेतिकडे हलणारच. त्याला हलू दिले तर ते स्वतःच सरळ होते. उभे राहिल्यावर लीव्हर धरताना मनगटे वाकवावी लागत असतील किंवा ब्रेक लीव्हरवर बोटे वळत असतील, तर दोन्ही लीव्हर थोडे खाली फिरवून घ्यावेत. त्यांचे क्लॅम्प फार आवळू नयेत, म्हणजे गाडी पडल्यावर लीव्हर तुटण्याऐवजी फिरतो.

प्रश्न (नाशिक): ओढा ओलांडताना मध्येच गाडी बंद पडली. मी तिथेच सेल्फ मारत राहिलो. नंतर इंजिन सुरू झाले, पण आवाज वेगळा येतो. आता काय करावे, आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर: सर्वप्रथम गाडी चालवणे थांबवावे आणि इंजिनवरच्या, ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे पाहावे. ऑइल दुधाळ किंवा चहासारखे फिकट दिसत असेल तर इंजिनमध्ये पाणी गेले आहे. ते काढून नवे ऑइल आणि नवा फिल्टर टाकावा, थोडा वेळ इंजिन चालवून ऑइल पुन्हा पाहावे आणि फिकटपणा पूर्ण जाईपर्यंत बदलत राहावे. एअर फिल्टर ओला असेल तर बदलावा. त्यानंतरही आवाज राहिला तर इंजिन उघडून कनेक्टिंग रॉड तपासून घ्यावा, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि रॉड वाकू शकतो. आवाजाचे कारण कळेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असली, तर स्टार्टरला हात न लावता गाडी ढकलत काठावर आणावी. स्पार्क प्लग काढावा, मगच सेल्फ मारून पाणी बाहेर उडू द्यावे, आणि ते करताना प्लगच्या छिद्रासमोर तोंड नेऊ नये.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या पाण्यातून आपण आधी पायी जाऊन आलो नाही, त्यातून गाडी घालू नये. पायी गेल्याने खोली, तळातील गोटे आणि ओढ या तिन्ही गोष्टी कळतात. चालताना पाय उचलल्यावर प्रवाह तो ढकलून नेत असेल, तर गाडीचे चाकही तो ढकलणार. पाणी पार करताना पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल आणि नजर पलीकडच्या काठावर ठेवावी. मध्येच थ्रॉटल सोडल्यास गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी पाण्यात सांभाळणे फार अवघड असते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे पॅड कोरडे होतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हे सर्व विसरून थांबावे. वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने तिथले पाणी काही मिनिटांत वाढते, आणि पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे हे वरून कोणालाही दिसत नाही.

प्रश्न (परभणी): काळ्या मातीत पुढचे चाक फिरतच नाही. उपाय काय?

उत्तर: चाकालगत बसणारा पुढचा मडगार्ड काढून, कच्च्या रस्त्यासाठीच्या गाड्यांना असतो तसा उंच मडगार्ड बसवावा. ओल्या काळ्या मातीत त्याचाही उपयोग मर्यादित आहे. पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबणे हा खरा उपाय आहे. तेवढा वेळ नसेल तर गाडीवाटेच्या चाकोरीत न जाता मधल्या गवताच्या पट्ट्यावरून जावे.

प्रश्न (नागपूर): एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करावे की चालू ठेवावे?

उत्तर: डांबरावर, विशेषतः पावसात, ते चालूच ठेवावे. घाटातील शेवाळ, सांडलेले डिझेल आणि पांढरे पट्टे यांच्यावर हात सहज फसतो, आणि तिथे एबीएस आपल्यापेक्षा जलद निर्णय घेते. सुट्या मुरुमाच्या उतारावर मात्र मागचे एबीएस ब्रेक सतत सोडत राहते आणि गाडी थांबता थांबत नाही. मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असेल तर तेवढ्या टप्प्यापुरते ते बंद करावे. पुढचे सहसा चालूच राहते, आणि ते योग्यच आहे. डांबर लागले की मागचे पुन्हा चालू झाले आहे याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न (सातारा): कासच्या आसपासच्या सड्यांवर (जांभ्याच्या सपाट खडकाळ माळांवर) गाडी चालवायला छान मोकळी जागा आहे. तिथे सराव करता येईल का?

उत्तर: कृपया करू नये. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, आणि पावसाळ्यात त्याच थरात सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारखी कीटकभक्षी रोपे उगवतात. एका चाकाच्या चाकोरीतून पाणी वाहू लागले की ती माती धुऊन जाते आणि खालचा दगड उघडा पडतो. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे, पण शेजारच्या ज्या सड्यांना अशी पाटी नाही तेही तितकेच नाजूक आहेत. सरावासाठी गावाबाहेरची मुरुमाची जागा शोधावी, आणि ती ज्याची आहे त्याला विचारून वापरावी. कासवांच्या विणीच्या काळात कोकणातील किनाऱ्यांवर गाडी घालण्याबद्दलही आमचे हेच उत्तर आहे.

प्रश्न (सोलापूर): पुढच्या जूनमध्ये मनालीमार्गे लेहला जायचे आहे. गाडीत काय बदल करावेत?

उत्तर: बदल जवळपास काहीच नकोत, सामान कमी करावे. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि खारदुंग ला 5,359 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंधन इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण स्वतः जुळवते, पण हरवलेली ताकद कोणीही परत देत नाही. म्हणून प्रत्येक जादा किलो चढावर दुप्पट जाणवतो. जड सामान मागच्या पेटीत उंचावर न ठेवता सॅडल बॅगमध्ये, खाली आणि पुढे असावे. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, क्लच केबल, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि स्पोक तपासावेत. छोट्या पान्याने प्रत्येक स्पोक वाजवून पाहावा. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो.

अटल बोगद्यानंतर लागणाऱ्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षे होती. आजही तिथे टाकी काठोकाठ भरून आणि पाच लिटर सोबत घेऊनच पुढे जावे. वाटेतील बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळी ओलांडावेत, कारण दुपारी ऊन चढले की त्यांचे पाणी वाढते. आणि शरीराला वेळ द्यावा. लेहला पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी आणि मळमळ वाढत असेल तर औषध घेऊन वर चढत राहू नये, खाली उतरावे.

प्रश्न (फोंडा, गोवा): नोकरीमुळे पावसाळ्याचे चार महिने गाडी घरीच उभी असते. दर आठवड्याला पाच मिनिटे सुरू करतो. हे पुरेसे आहे का?

उत्तर: ही पाच मिनिटे बंद करावीत. तेवढ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन साचते आणि बॅटरी जेवढी खर्ची पडते तेवढी भरतही नाही. त्याऐवजी उभी करण्यापूर्वी ऑइल बदलावे, टाकी पूर्ण भरावी, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील बाष्प ओढून घेते आणि अर्धी टाकी आतून गंजते. चेनला भरपूर तेल द्यावे, टायरमध्ये हवा पूर्ण ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि शक्य असल्यास महिन्यातून एकदा चार्जर लावावा. आच्छादन हवा खेळणारे असावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. सायलेन्सरच्या तोंडात फडके घातले असेल तर किल्लीला आठवणीची चिठ्ठी बांधून ठेवावी, आणि सीटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना ते अधूनमधून पाहावे. ऑक्टोबरमध्ये गाडी काढताना इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, गिअरमध्ये गाडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे चिकटलेल्या क्लच प्लेट सुटतात. दोन्ही ब्रेक अंगणातच दाबून पाहावेत आणि मगच रस्त्यावर यावे.